साखर नव्हे, सांगावा : कँडिडा बुरशीच्या रूपांतराचा शोध आणि दिल्लीतील एक प्रयोगशाळा

देशातील वैद्यकीय महाविद्यालयांच्या सूक्ष्मजीवशास्त्र विभागांत एक अत्यंत स्वस्त चाचणी वर्षानुवर्षे केली जात आहे. रुग्णाच्या नमुन्यातून वाढवलेल्या बुरशीचा टाचणीच्या टोकाएवढा अंश थोड्या मानवी सीरममध्ये मिसळायचा, नळी ३७ अंश सेल्सिअसला ठेवायची आणि दोन-तीन तासांनी त्यातला एक थेंब सूक्ष्मदर्शकाखाली पाहायचा. गोलसर पेशींमधून बारीक, सरळ, मुळाशी न आवळलेली नळी बाहेर पडलेली दिसली, तर ती बुरशी बहुतेक ‘कँडिडा आल्बिकान्स’ होय. १९६० साली क्लेअर ताशजियन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या निरीक्षणाला निदानाच्या चाचणीचे रूप दिले. चाचणी शिकायला एक दुपार पुरते. ती नळी का फुटते, या प्रश्नाचे उत्तर शोधण्यात मात्र पुढची साठ वर्षे गेली, आणि त्या शोधातील एक महत्त्वाचा धागा नवी दिल्लीतील जवाहरलाल नेहरू विद्यापीठात विणला गेला.

ही बुरशी परकी नाही. असंख्य निरोगी माणसांच्या तोंडात, आतड्यात आणि जननमार्गात ती बिनबोभाट राहते. तान्ह्या बाळाच्या जिभेवर दह्यासारखा पांढरा थर धरतो, त्यामागे बहुधा तीच असते. प्रतिकारशक्ती ढासळली, अतिदक्षता विभागात शिरेत नळी बरेच दिवस राहिली किंवा प्रतिजैविकांनी आतड्यातील जीवाणू नाहीसे झाले, की हाच सोबती रक्तात उतरतो आणि जिवावर उठतो. १८५३ मध्ये फ्रेंच शास्त्रज्ञ शार्ल रोबँ यांनी तिला ‘ओइडियम आल्बिकान्स’ म्हटले. पुढे ती ‘मोनिलिया’ झाली. १९२३ मध्ये डच संशोधिका क्रिस्टीन बर्कहाउट यांनी ‘कँडिडा’ हे कुल प्रस्थापित केले. लॅटिनमध्ये ‘कँडिडा’ म्हणजे शुभ्र आणि ‘आल्बिकान्स’ म्हणजे पांढरी होत जाणारी. नावात रंग दोनदा आला. जे खरोखर विलक्षण होते, त्या आकाराचा मात्र नावात मागमूस नाही.

विलक्षण हे, की एकाच जनुकसंचाची पेशी दोन वेगळ्या देहांत राहू शकते. एक देह यीस्टचा : सुमारे पाच मायक्रोमीटरची गोल पेशी, तिला कळी फुटते, कळी वाढून वेगळी होते. दुसरा देह तंतूचा : दोनेक मायक्रोमीटर जाडीची लांबच लांब नळी, केवळ टोकाशी वाढणारी. रूप बदलणाऱ्या बुरशी इतरही आहेत, पण त्यांची दिशा बहुधा उलटी असते. मणिपूरमध्ये आढळणारी ‘तालारोमायसेस मार्नेफाय’ ही बुरशी बाहेरच्या गारव्यात तंतुरूपात वाढते आणि माणसाच्या शरीराच्या उबेत यीस्टसारखी होते. बांबूच्या बेटांत राहणारे उंदीर तिचे नैसर्गिक आश्रयस्थान. ‘हिस्टोप्लाझ्मा’चेही तसेच. या दोघींना तापमानाचा इशारा जवळजवळ पुरेसा असतो. कँडिडाला मात्र ऊब एकटी पुरत नाही. सीरम, आम्लता, कार्बन डायऑक्साइड, उपासमार आणि विशिष्ट साखर यांपैकी काहीतरी जोडीला लागते. म्हणूनच तिचे कोडे अधिक गुंतागुंतीचे ठरले.

या कोड्याचे पहिले गंभीर उत्तर भिंतीपासून सुरू झाले. बुरशीच्या पेशीभोवती आपल्या पेशींना नसलेली एक कणखर भित्तिका असते. तिच्या आतल्या बाजूला कायटिन आणि ग्लुकन या बहुशर्करांचे जाळे, तर बाहेर साखरेच्या लांब साखळ्यांनी लगडलेल्या प्रथिनांचा थर. पेशीच्या आतला दाब वातावरणाच्या दाबाच्या काही पट असतो. म्हणजे आकार ठरवणे हा मूलतः दाब आणि भिंत यांच्यातील व्यवहार आहे. नळीच्या आकाराच्या भांड्यात दाब भरला, तर भिंतीवर परिघाच्या दिशेने येणारा ताण लांबीच्या दिशेने येणाऱ्या ताणाच्या दुप्पट असतो. दाबाने फुटणारा पाइप उभा चिरतो तो यामुळेच. मग बुरशीचा तंतू फुग्यासारखा जाड न होता लांब कसा होतो? कारण त्याची बाजूची भिंत आवळलेली आणि टिकाऊ असते, आणि नवे बांधकाम फक्त टोकाशी चालते. कळी येते तेव्हा हेच बांधकाम थोड्या वेळाने साऱ्या पृष्ठभागावर पसरते. आयोवा विद्यापीठात डेव्हिड सोल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८५ मध्ये या वाढीच्या जागा मोजून दाखवल्या.

त्याआधी तीस वर्षे, अमेरिकेतील रटगर्स विद्यापीठात वॉल्टर निकर्सन यांनी भित्तिकेच्या रसायनात हात घातला होता. १९५६ मध्ये त्यांनी आणि जी. फाल्कोने यांनी असा विचार मांडला, की भित्तिकेतील प्रथिने गंधकाच्या जोडबंधांनी एकमेकांना बांधलेली असतात, आणि एक विकर ते बंध सोडवते तेव्हा ती जागा मऊ पडून कळी बाहेर येऊ शकते. केस सरळ किंवा कुरळे करण्याच्या सलूनमधील रसायनांमागे हेच तत्त्व आहे. जिथे हे विकर नीट चालत नाही, तिथे पेशी विभागू शकत नाही आणि लांबत जाते, असा त्यांचा तर्क. पुढे चित्र यापेक्षा कितीतरी गुंतागुंतीचे निघाले आणि एका विकराने आकार ठरतो ही कल्पना टिकली नाही. तरीही भित्तिका हे निर्जीव कवच नसून तिच्यावर पेशीचा हात सतत फिरत असतो, ही दृष्टी निकर्सन यांनी दिली, आणि ती आजही कामाची आहे.

१९७४ मध्ये रोममधील सिमोनेत्ती, स्ट्रिप्पोली आणि कास्सोने यांनी ‘नेचर’मध्ये एक छोटा निबंध प्रसिद्ध केला. सीरम हे शेकडो घटकांचे मिश्रण. त्यातले नेमके काय काम करते हे सांगणे कठीण. त्यांनी एकच शुद्ध पदार्थ घेतला : एन-ॲसिटिल ग्लुकोसामाइन. त्यानेही यीस्टचे तंतूत रूपांतर होत होते. ही साखर कोणती, हे ध्यानात घेतले की तिचे महत्त्व कळते. बुरशीच्या भित्तिकेतील कायटिन हीच साखर ओवून बनते. जीवाणूंच्या भित्तिकेतही ती असते. माणसाच्या तोंडातील आणि आतड्यातील चिकट स्रावाच्या प्रथिनांवरही ती लटकलेली असते. म्हणजे कँडिडा जिथे राहते, तिथे तिच्या अवतीभवती हीच साखर विखुरलेली.

त्याच दशकात जीवरसायनशास्त्रज्ञ आशिष दत्त यांनी हीच साखर हाती घेतली. कोलकात्याच्या बोस इन्स्टिट्यूटमध्ये पीएच.डी. आणि नंतर न्यूयॉर्कमध्ये संशोधन करून ते भारतात परतले होते. जेएनयूच्या जीवशास्त्र विद्यालयात त्यांच्या गटाने विचारलेला प्रश्न दिसायला साधा होता : कँडिडा ही साखर पचवते कशी? पावाच्या यीस्टला ती पचवताच येत नाही. रोगकारक बुरशीकडे आहे आणि निरुपद्रवी नातलगाकडे नाही, अशा गोष्टीवर बोट ठेवणे ही संशोधकाची पारख होती. साखर पेशीत घेणारे वाहक प्रथिन, तिच्यावर फॉस्फेट चढवणारे विकर, ॲसिटिल गट काढणारे विकर आणि शेवटी अमोनिया काढून तिला फ्रुक्टोज-६-फॉस्फेटच्या रूपाने पेशीच्या रोजच्या चयापचयात सोडणारे विकर, असा हा मार्ग. साखर समोर आली की ही सामग्री तयार होते. नसली की होत नाही.

विकरे शुद्ध करणे, त्यांचा वेग मोजणे, ती कधी तयार होतात हे पाहणे : या कामाला बातमीमूल्य नसते. वर्षे जातात. १९९३ मध्ये के. नटराजन आणि दत्त यांनी मार्गातील शेवटच्या विकराचे जनुक, ‘नॅग-१’, वेगळे काढून वाचले. २००० साली अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान अकादमीच्या नियतकालिकात याच गटाने दाखवले, की मार्गातील तीन विकरांची जनुके एकमेकांना खेटून एका गुच्छात बसलेली आहेत. जीवाणूंमध्ये असे गुच्छ नेहमीचे. केंद्रक असलेल्या पेशींत ते कमी. एकत्र बसलेली जनुके एकत्र वारशाने जातात आणि एकत्र चालूबंद होतात. निसर्गाने हा मार्ग अखंड राखला असेल, तर त्याचा काही फायदा असणार, हा संकेत त्यात होता.

२००१ मध्ये तो संकेत उंदरांवर तपासला गेला. गुच्छातील जनुके काढून टाकलेली कँडिडा ही साखर खाऊन वाढू शकत नव्हती, हे अपेक्षितच होते. तिची रोगकारकता बरीच घटली आणि गालाच्या आतील पेशींना चिकटण्याची ताकदही कमी झाली. मात्र त्याच निबंधात एक अनपेक्षित नोंद होती : काही परिस्थितींत ही अपंग बुरशी मूळ बुरशीपेक्षा जास्त तंतू काढत होती. जी साखर पचवताच येत नाही, तिच्या मार्गातील जनुके नाहीशी केल्यावर आकार बदलणे थांबायला हवे होते, ते वाढले. या नोंदीचा पूर्ण अर्थ लागायला आणखी दहा वर्षे जायची होती.

दरम्यान इतरत्र जनुकांची शोधयात्रा वेगाने चालली होती, आणि ती सोपी नव्हती. कँडिडाच्या प्रत्येक गुणसूत्राच्या दोन प्रती असतात, त्यामुळे जनुक निकामी करायचे तर दोनदा करावे लागते. शिवाय तिची जनुकभाषाही थोडी वेगळी : जगातील बहुतेक सजीव ज्या तीन अक्षरांचा अर्थ ‘ल्युसिन’ असा घेतात, ती सीयूजी ही अक्षरे कँडिडा प्रामुख्याने ‘सेरिन’ अशी वाचते. इतर जीवांत उपयोगी पडणारी तयार जनुक-साधने येथे चुकीचे प्रथिन देत. तरीही १९९४ मध्ये जेराल्ड फिंक यांच्या गटाने ‘सीपीएच-१’ आणि १९९७ मध्ये जर्मनीत योआखिम अर्न्स्ट यांच्या गटाने ‘ईएफजी-१’ हे नियामक जनुक शोधले. त्याच वर्षी फिंक यांच्या गटाने दोन्ही जनुके काढून टाकली. ती बुरशी तंतू काढेना, आणि उंदरांना मारेना. ‘तंतू नाही तर रोग नाही’ हे सूत्र पाठ्यपुस्तकांत शिरले. सूत्र आकर्षक होते. इतके आकर्षक, की त्यातली पळवाट बराच काळ कोणाच्या लक्षात आली नाही. नियामक जनुक काढले, की केवळ आकार बदलत नाही. त्याच्या हुकमाखालची शेकडो जनुके एकदम गप्प होतात. मग उंदीर वाचला तो तंतू नसल्यामुळे, की तंतूसोबत येणारे आणखी काही नसल्यामुळे?

त्या ‘आणखी काही’मध्ये भित्तिकेतील प्रथिने अग्रभागी होती. ओहायोत जॅनेट स्टाब आणि पॉला सुंडस्ट्रॉम यांना तंतूच्याच पृष्ठभागावर येणारे ‘एचडब्ल्यूपी-१’ हे प्रथिन सापडले होते. १९९९ मध्ये त्यांनी त्याची करामत उघड केली. आपल्या तोंडातील आवरणाच्या पेशींत प्रथिनांना एकमेकांशी कायमचे जोडणारे ट्रान्सग्लुटामिनेज नावाचे विकर असते. ‘एचडब्ल्यूपी-१’ची घडण अशी, की हे मानवी विकर त्यालाही आपलेच समजून पेशीशी सांधून टाकते. गिलावा आपला, गवंडी आपला, आणि भिंतीत बसते ती परक्याची वीट. ‘एएलएस-३’ या दुसऱ्या भित्तिका-प्रथिनाबाबत २००७ मध्ये दिसले, की ते मानवी पेशींवरील कॅडहेरिन प्रथिनाला धरते आणि पेशीच त्या तंतूला आत ओढून घेते.

सर्वांत बोधक कथा ‘ईसीई-१’ची. १९९३ मध्ये, पेशी जितकी लांब तितके हे जनुक अधिक बोलते, असे आढळले आणि त्यावरून त्याला नाव मिळाले. मात्र ते काढून टाकले तरी पेशी लांबच होत राहिली. आकाराशी एवढी निष्ठा आणि आकारावर काडीचा परिणाम नाही! तेवीस वर्षे ते असेच बाजूला राहिले. २०१६ मध्ये लंडन आणि येना येथील गटांनी दाखवले, की त्याचे प्रथिन तुकड्यांत कापले जाते आणि त्यातला केवळ ३१ अमिनो आम्लांचा एक तुकडा मानवी पेशीच्या पटलाला भोके पाडतो. ‘कँडिडालायसिन’ हे त्याचे नाव. या विषाविना तंतू आत शिरतो, पण पेशीला इजा करू शकत नाही. म्हणजे आकार हे शस्त्र नव्हे; शस्त्र वाहणारा हात आहे.

सूत्राला तडे इतर दिशांनीही गेले होते. २००३ मध्ये टेक्सासमधील एका गटाने आकार बाहेरून औषधाने नियंत्रित करता येईल अशी कँडिडा घडवली. यीस्टरूपातच अडकवलेली बुरशी उंदरांच्या अवयवांपर्यंत पोचत होती; उंदीर मात्र मरत नव्हते. तंतू काढण्याची मुभा मिळताच ते मरू लागले. २०१० मध्ये सुझॅन नोबल आणि सहकाऱ्यांनी ६७४ जनुके एकेक करून काढून पाहिली आणि आकार व रोगकारकता यांची फारकत झालेले अनेक प्रकार हाती आले. ‘कँडिडा ग्लाब्राटा’ तर अशा तंतूंविनाच रक्तात रोग करते. हैदराबादच्या सेंटर फॉर डीएनए फिंगरप्रिंटिंग अँड डायग्नोस्टिक्स या संस्थेत पुढे प्रयोगशाळा उभारणाऱ्या रूपिंदर कौर यांनी २००७ मध्ये अमेरिकेतील सहकाऱ्यांसह दाखवले होते, की त्या बुरशीची भिस्त पृष्ठभागावर बसलेल्या, प्रथिने कापणाऱ्या विकरांच्या एका कुटुंबावर आहे. आकार न बदलता ती आपली भित्तिकाच छाटून नवी करते.

आता दिल्लीच्या साखरेकडे परत यायला हवे. न्यूयॉर्क राज्यातील स्टोनी ब्रुक येथे फ्रान्सिस्को अल्वारेझ आणि जेम्स कोनोप्का यांनी २००७ मध्ये ही साखर पेशीत नेणारे वाहक, ‘एनजीटी-१’, ओळखले. ते काढले की साखर आत जाईना आणि तंतू फुटण्यासाठी तिचे प्रमाण खूप वाढवावे लागे. म्हणजे निरोप बाहेरच्या दारावर दिला जात नाही. साखर आत यावी लागते. पण आत येऊन ती पचावीही लागते का? २०११ मध्ये कोनोप्का यांच्या गटाने पचनमार्गातील तिन्ही विकरांची जनुके एकत्र काढली. बुरशी साखर खाऊ शकत नव्हती. तरीही साखर मिळताच तिने तंतू काढले आणि त्यासोबतची जनुके जागी केली. साखर इंधन म्हणून काम करत नव्हती. ती सांगावा होती. हा सांगावा वाचणारे प्रथिन, ‘एनजीएस-१’, २०१६ मध्ये चीन आणि कॅलिफोर्नियातील संशोधकांनी शोधले : ते थेट साखरेला धरते आणि जनुकांभोवतीचे वेष्टण सैल करून ती बोलती करते.

या वळणाकडे दोन तऱ्हांनी पाहता येते. दिल्लीच्या गटाचा पचनावरचा भर अपुरा ठरला, असे कोणी म्हणेल. ते वरवरचे ठरेल. २०११चा प्रयोग शक्य झाला, कारण कोणती तीन जनुके काढायची हे आधीच ठाऊक होते, आणि ते ठाऊक असण्यामागे भारतातील अनेक वर्षांचे विकरांचे मोजमाप होते. पचन थांबल्यावर तंतू वाढल्याची २००१ मधील नोंदही याच दिशेने बोट दाखवत होती : पचली नाही तर साखर पेशीत साचते, आणि सांगावा अधिक मोठ्याने ऐकू येतो, असा तिचा अर्थ आता लावता येतो. शिवाय उंदरांतील रोगकारकता घटली ही गोष्ट खोटी ठरलेली नाही. शरीरात टिकायला बुरशीला निरोपही लागतो आणि शिदोरीही. अशा कामाला ‘भारतीय शास्त्रज्ञांनी घातक बुरशीचे जनुक शोधले’ अशा मथळ्यात कोंबणे हा त्या कामाचा गौरव नसून त्याच्याविषयीचे अज्ञान आहे.

या सगळ्याला रुग्णाच्या खाटेशी जोडणारा दुवा अजून बारीक आहे. बुरशीविरुद्धची मुख्य औषधे तीनच प्रकारांची. पॉलिईन वर्गाशी महाराष्ट्राचेही नाते आहे : पिंपरीच्या हिंदुस्तान अँटिबायोटिक्समध्ये एम. जे. तिरुमलाचार आणि सहकाऱ्यांनी १९६१ च्या सुमारास शोधलेले हॅमायसिन याच वर्गातले. ही औषधे आणि ॲझोल औषधे पेशीच्या पटलावर किंवा त्याच्या घडणीवर घाव घालतात. प्रत्यक्ष भित्तिकेचे बांधकाम अडवणारे पहिले औषध, कॅस्पोफंजिन, २००१ मध्ये अमेरिकेत मान्य झाले. बुरशीही स्वस्थ नव्हती : औषध पेशीबाहेर फेकणाऱ्या पंपाचे ‘सीडीआर-१’ हे जनुक जेएनयूच्याच राजेंद्र प्रसाद यांनी परदेशी सहकाऱ्यांसह १९९५ मध्ये उजेडात आणले. बुरशीला न मारता तिचे रूपांतर रोखणारे औषध बाजारात आलेले नाही. ‘एएलएस-३’ प्रथिनावर आधारित लस वारंवार योनीमार्गाचा संसर्ग होणाऱ्या स्त्रियांवर तपासली गेली. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांत चाळिशीच्या आतील स्त्रियांमध्ये तिचा लाभ दिसला.

आणि तेवढ्यात शत्रूचा चेहरा बदलला. २००९ मध्ये जपानमध्ये एका रुग्णाच्या कानातून ‘कँडिडा ऑरिस’ ही नवी जाती नोंदवली गेली. दिल्लीच्या वल्लभभाई पटेल चेस्ट इन्स्टिट्यूटमधील अनुराधा चौधरी आणि सहकाऱ्यांनी २०१३ मध्ये दिल्लीतील दोन रुग्णालयांतील बारा रुग्णांत तिचा रक्तसंसर्ग नोंदवला. २०२१ मध्ये चौधरी यांच्याच गटाने ती अंदमानच्या किनारी पाणथळीतून आणि वाळूतून वेगळी काढली. २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने बुरशींची अग्रक्रम यादी काढली, तेव्हा सर्वांत गंभीर गटात ‘आल्बिकान्स’ आणि ‘ऑरिस’ शेजारीशेजारी होत्या. सीरमच्या नळीत ‘ऑरिस’ सहसा तंतू काढत नाही. जुनी स्वस्त चाचणी तिला पकडू शकत नाही. २०१८ मध्ये आढळले, की सस्तन प्राण्याच्या शरीरातून एकदा गेलेल्या तिच्या काही पेशी पुढे तंतू काढू शकतात, तेही उबेत नव्हे, गारव्यात. २०२३ मध्ये तिच्या भित्तिकेवरील ‘एससीएफ-१’ हे प्रथिन सापडले. त्याच्या टोकाशी उघड्यावर असलेल्या धन विद्युतभारामुळे ती प्लॅस्टिकला, त्वचेला आणि शिरेत घातलेल्या नळ्यांना घट्ट चिकटून राहते. ‘आल्बिकान्स’मध्ये या प्रथिनाचा जोडीदार अद्याप माहीत नाही.